चेसीच्या आकड्यांची बखर

जुन्या मोटारींचा शौक बाळगणाऱ्या नव्या मुंबईच्या मंडळींत अलीकडे एक मत इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाऊ लागले आहे, की त्याचा प्रतिवाद न करणे म्हणजे त्यास मूक संमती देण्यासारखे होईल. ते मत असे : हिंदुस्थानात बनलेल्या जुन्या गाड्यांची निर्मितिसंख्या शोधण्याच्या खटाटोपात पडणे व्यर्थ होय, कारण कारखाने बंद पडले, दफ्तरे रद्दीत गेली, आणि अमेरिकेत जसे सारे जपून ठेवतात तसे येथे कुणी काही जपले नाही, ज्यास आकडा हवाच असेल त्याने हाती लागतील तितक्या गाड्यांचे चेसी क्रमांक टिपून घ्यावेत, सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करावा, आणि येईल ती बाकी निर्मितिसंख्या म्हणून खुशाल सांगावी. वाशीतील आमच्या एका स्नेह्यांचा या मताविषयी विशेष आग्रह आहे, आणि अशा वजाबाकीचा आकडा त्यांनी आपल्या गाडीच्या काचेवर चिकटविलाही आहे. यंत्राविषयी ते आमच्याहून पुष्कळ अधिक जाणतात, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात इमारतीच्या खांबांखाली उभी असलेली त्यांची फियाट डिलाइट त्यांनी ज्या निगुतीने राखली आहे तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु पत्रा राखणे ही एक विद्या आणि पुरावा राखणे ही दुसरी, आणि पहिलीतील नैपुण्य दुसरीत आपोआप उतरते असा अनुभव नाही.

या मताचा पहिला दोष निव्वळ तर्काचा आहे. पुरावा उपलब्धच नाही असे एका तोंडाने म्हणावयाचे आणि दुसऱ्या तोंडाने आकडा सांगावयाचा, हे दोन्ही एकाच गृहस्थाला शोभणारे नाही. आकडा अज्ञात असेल तर तो अज्ञात म्हणून सांगण्यात कमीपणा कसला? पण तसे कुणी सांगत नाही. कारण ‘अज्ञात’ या शब्दाने गाडीची किंमत वाढत नाही, आणि ‘इतक्याच निघाल्या’ या दोन शब्दांनी वाढते.

अमेरिकेचा जो दाखला वारंवार दिला जातो तो आधी तपासू. कारण जेथे सारे काही जपले गेले असे आमचे स्नेही समजतात तेथेही वस्तुस्थिती त्यांच्या कल्पनेहून बरीच निराळी आहे. ज्यांस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवून तरुण गिऱ्हाइकास विकलेल्या गाड्या, त्यांचे युग पाँटिॲक कंपनीच्या १९६४ च्या जी.टी.ओ.पासून धरण्याचा प्रघात आहे. त्या पहिल्या वर्षी ३२,४५० जी.टी.ओ. निघाल्या हे आज निःशंकपणे सांगता येते, आणि पाँटिॲकच्या एकेका गाडीचे कारखान्यातून निघालेले बिलसुद्धा पाहावयास मिळते, कारण १९६१ पासूनची ती बिले सूक्ष्मचित्रफितींवर उतरलेली होती आणि ती वाचली. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचा तपशील यंत्रगणकाच्या नोंदींत राहिला आणि त्यावरून आज रीतसर दाखले मिळतात. उलट शेव्हरोले ही त्यांची सर्वांत लोकप्रिय गाडी, आणि तिच्याच एकेका गाडीची अमेरिकेतील नोंद बहुतांशी ठेवली गेली नाही. क्रायस्लरची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी आहे : त्या कंपनीची गाडीगणिक बांधणीची कार्डे १९६७ पर्यंतची उरली, पुढची नाहीत, म्हणजे ज्या काळातील गाड्यांवर आज सर्वांत मोठी रक्कम लावली जाते नेमक्या त्याच काळाचे दफ्तर नाहीसे झाले.

मग तेथील लोक हताश होऊन वजाबाकी करीत बसले काय? १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा, टप उघडणाऱ्या बांधणीची, ४२६ घनइंची म्हणजे सुमारे सात लिटरच्या इंजिनाची, एकूण ११ निघाली असे मानले जाते. त्यांपैकी एक २०१४ साली लिलावात ३५ लक्ष डॉलरना गेली. इतकी रक्कम पणास लागल्यावर बनावट गाड्या निपजणार हे उघड आहे, म्हणून प्रत्येक गाडीस आपली कुळकथा स्वतः सिद्ध करावी लागते. बांधणीच्या वेळी कामगारांच्या हाती दिलेला जोडणीचा कागद कधी आसनाच्या स्प्रिंगांत, कधी इंधनाच्या टाकीवर अडकून राहिलेला सापडतो. इंजिनाच्या खोलीतील पत्र्याच्या पट्टीवर सांकेतिक अक्षरे ठोकलेली असतात. आणि चेसी क्रमांकाच्या आरंभी ‘बी-एस-२७-आर’ अशी अक्षरे असली तर २७ म्हणजे उघडा टप आणि ‘आर’ म्हणजे तेच ४२६ चे इंजिन, हे त्या संकेताची किल्ली ज्याच्या हाती आहे त्यास वाचता येते. या साऱ्यांची परस्परांशी रुजुवात झाली तरच गाडी अस्सल ठरते.

याच ठिकाणी स्नेह्यांची वजाबाकी लावून पाहू, कारण एखादी रीत बरोबर की चूक हे ज्या उदाहरणाचे उत्तर आधीच ठाऊक आहे त्यावर ती चालवून पाहिल्याने सर्वांत लवकर कळते. हॅमट्रॅम्क येथील ज्या कारखान्यात या गाड्या बनल्या तेथे वर्षाचा अनुक्रम १००००१ पासून सुरू होई, आणि त्या एकाच अनुक्रमात कुडा, चॅलेंजर, डार्ट अशा निरनिराळ्या नावांच्या, निरनिराळ्या इंजिनांच्या, टपाच्या आणि बिनटपाच्या गाड्या जशा रांगेतून निघत तशा गुंफल्या जात. तेव्हा वर्षाच्या आरंभी निघालेली एक हेमी कुडा आणि अखेरीस निघालेली दुसरी घेऊन कुणी वजाबाकी केली, तर अकराच्या जागी बाकी हजारोंच्या घरात येईल. ज्या रीतीने अकराचे हजारो होतात त्याच रीतीने हजारोंचे अकराही होऊ शकतात : एकाच महिन्यातल्या चारदोन गाड्या हाती लागल्या की झाले.

येथे स्नेही म्हणतील, आणि म्हणालेही, की दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन रणगाड्यांची संख्या अनुक्रमांकांवरूनच काढली होती. काढली होती हे खरेच. ऑगस्ट १९४२ मधील मासिक निर्मितीचा हेरखात्याचा अंदाज १,५५० होता, अनुक्रमांकांवरून गणितज्ञांनी काढलेला ३२७ होता, आणि युद्धानंतर जर्मनांचेच कागद उघडले तेव्हा खरा आकडा ३४२ निघाला. परंतु त्या यशाचे रहस्य वजाबाकीत नव्हते. मोजलेले भाग एका अखंड क्रमाने अंकित झालेले होते हे आधी तपासले गेले होते. हाती आलेले नमुने निवडून घेतलेले नव्हते, रणांगणावर पकडले गेलेले होते. सर्वांत मोठा क्रमांक हीच अखेरची गाडी असे न मानता त्यापुढे किती उरल्या असाव्यात याचे गणित मांडले होते. आणि शेवटी, ही गोष्ट आमचे स्नेही विसरतात, तो अंदाज खरा ठरला हे कळले ते कारखान्याच्या दफ्तरामुळेच.

आता कुर्ल्याकडे वळू. खाडीपुलाच्या पलीकडे, वाशीहून आगगाडीने सहज जाता येईल इतक्या अंतरावर, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, आणि क्रायस्लरशी झालेल्या करारान्वये १९४७ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे ज्या प्लिमथची आणि डॉजची निर्मितिसंख्या अमेरिकेत डोळ्यांत तेल घालून तपासली जाते, त्याच घराण्याची शाखा आपल्या उपनगरात नांदत होती. पण कुर्ल्यात डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावे निराळी असली तरी देह प्रायः एकच होता, आणि मालमोटारींतही डॉज, फार्गो व डिसोटो हा भेद मुख्यतः बिल्ल्याचा आणि विक्रेत्याचा होता. तेव्हा ‘डिसोटो फार थोड्या निघाल्या’ असे जो म्हणतो त्याने प्रथम हे सांगावयास हवे, की कारखान्याने बिल्ल्याप्रमाणे निरनिराळी मोजणी केली होती की केवळ एकत्र. आणि आज त्याच्या गाडीवर जो बिल्ला आहे तो कुर्ल्यात बसला की पुढे एखाद्या गॅरेजमध्ये. चार स्क्रूंनी बसणाऱ्या बिल्ल्यावर दुर्मिळतेचा डोलारा उभारण्याचे धैर्य आम्हांस नाही.

फियाटची कथा अधिक लांबलेली, आणि म्हणूनच अधिक गुंतागुंतीची. १९५४ मध्ये मिलेचेंतो, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट हे नाव आणि पुढच्याच वर्षी पद्मिनी : १०८९ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन, थोड्याफार फरकाने तोच पत्रा, आणि प्रत्येक नावापाशी एकेका नव्या ‘शेवटच्या’ आणि ‘पहिल्या’ गाडीचा दावा. पुढे १९९० च्या दशकात फियाटशी संयुक्त कंपनी होऊन त्याच कुर्ल्यात ऊनो निघू लागली, कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ चा अल्पायुषी प्रयोग झाला, आणि एका घराचे अनेक वाटे झाल्यावर कीर्दखतावण्यांचे जे होते ते या कागदांचेही होणार हे समजण्यासारखे आहे. दफ्तर विस्कळीत झाले, एवढे आम्ही मान्य करतो. दफ्तर नव्हतेच, हे मान्य करीत नाही.

कारण आमच्या स्नेह्यांनी जो मुद्दा सर्वस्वी दुर्लक्षिला तो हा, की अमेरिकेत गाड्या मोजल्या त्या मुख्यतः कारखानदाराने, आपल्या धंद्याच्या सोयीसाठी. येथे त्या मोजल्या सरकारने, आपल्या संशयापोटी. ज्या परवाना-राज्याने एका फियाटसाठी माणसास वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, आणि ज्यास आपण अद्याप शिव्या देतो, तेच राज्य मोजणीच्या बाबतीत कमालीचे चोख होते. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याखाली किती गाड्या काढण्यास मुभा आहे याचा परवाना लागे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटार-धंद्याची चौकशी केली आणि ज्यांचा हेतू क्रमशः सबंध गाडी येथे घडविण्याचा नाही अशा निव्वळ जोडणी-कारखान्यांना थारा देऊ नये असा कौल दिला, त्यामुळे जनरल मोटर्सने शिवडीचा आणि फोर्डने मुंबईतील आपला गाशा गुंडाळला. इतक्या दूरगामी परिणामांची शिफारस करणारे कमिशन गाड्यांची संख्या विचारल्यावाचून राहिले असेल असे कुणास वाटते? त्याचे अहवाल छापील आहेत. ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. आणि ते वाचण्यास पाना-पक्कड लागत नाही, केवळ थोडी चिकाटी लागते.

पुढे मोटारींवर केंद्रीय अबकारी लागली. १९४४ च्या अबकारी नियमांप्रमाणे तयार माल रोजच्या रोज ‘आर.जी. १’ नावाच्या नोंदवहीत चढवावा लागे आणि फाटकाबाहेर काढताना ‘जी.पी. १’ हा गेटपास फाडावा लागे. गेटपासाशिवाय निघालेली गाडी म्हणजे कर चुकवून निघालेला माल. अमेरिकन कारखान्याने ठेवलेली कार्डे ही त्याची मर्जी होती. आपल्या कारखान्याने ठेवलेली ही वही कायद्याची सक्ती होती, आणि तिच्यातील आकडा खोटा निघाल्यास दंड होता. कंपनीच्या वार्षिक अहवालात उत्पादनाचा आकडा भागधारकांपुढे येई आणि तो अहवाल कंपनी निबंधकाकडे दाखल होई. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री व वाटप सरकारी शिस्तीखाली आले. १९७० च्या आसपास किमतींचा वाद पेटून कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि किंमत ठरवावयाची तर गाडीमागे खर्च किती हे काढावे लागते, आणि ते काढावयाचे तर गाड्या किती हे आधी ठरवावे लागते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

या सर्वांहून आम्हांस मौजेचे वाटते ते एक साधन निराळेच आहे, आणि ते मोटारप्रेमींच्या सहसा ध्यानात येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे नाव ठाऊक असते ते पद्मिनीमुळे नव्हे, तर १९७५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे, ज्यात औद्योगिक तंट्यांत दिवाणी न्यायालयाचा अधिकार कुठवर पोहोचतो हे ठरले. तो खटला मूळचा कुर्ल्याच्या मोटार-उत्पादन खात्यातील कामगारांचा, आणि भांडण होते प्रोत्साहन-भत्त्याच्या योजनेचे. प्रोत्साहन-भत्ता म्हणजे ठरल्या परिमाणापेक्षा अधिक काम निघाल्यास अधिक पैसा. सबब किती काम निघाले याची मोजणी दोन प्रतिपक्षांनी, एकमेकांवर डोळा ठेवून, केलेली असणार. इतिहासाच्या अभ्यासकास याहून भरवशाचा साक्षीदार कोणता? मालक आकडा फुगवील तर भत्ता द्यावा लागेल, आणि संघटना फुगवील तर मालक हिशेब मागेल. एकाच गोष्टीवर परस्परविरुद्ध स्वार्थ असलेल्या दोघांची सही असली की संशोधकाचे अर्धे काम झाले.

अर्थात निरनिराळ्या वह्यांतील आकडे निरनिराळे निघतील, आणि तेथेच ‘पाहा, काही खरे नाही’ असे म्हणून हात झटकण्याचा मोह होईल. परवान्यातील क्षमता, रांगेतून निघालेल्या गाड्या, फाटकाबाहेर गेलेल्या गाड्या आणि आर.टी.ओ.त नोंदलेल्या गाड्या या चार भिन्न राशी आहेत, आणि त्या एक न येणे हेच स्वाभाविक आहे. त्यांत वर्षाचा घोळ निराळा : अमेरिकन नमुन्याचे वर्ष आदल्या शरदातच सुरू होते, कंपनीचे हिशेबी वर्ष तिच्या सोयीचे, आणि सरकारचे तिसरेच. पद्मिनीचेच पाहा. तिची निर्मिती २००० साली थांबली असे कुणी लिहितो, २००१ साली थांबली असे दुसरा. आणि मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, म्हणूनच वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून उठली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी मृत्युलेख लिहिले ते ठीकच. पण त्या एका नोंदीवरून कुणी ‘पद्मिनी २००३ पर्यंत बनत होती’ असे म्हणू लागला, तर त्यास फाटकाबाहेर पडणे आणि आर.टी.ओ.त चढणे यांतील फरक समजावून द्यावा लागेल. ज्या गाड्या ताडदेवहून, ठाण्याहून बदलून वाशीच्या एम.एच. ४३ मध्ये आल्या त्यांच्या आर.सी.मधील सालाविषयीही हीच सावधगिरी बाळगणे इष्ट.

राहता राहिले जुन्या मिस्त्रींच्या स्मृतीचे प्रामाण्य. कुर्ल्यात राबलेली आणि निवृत्तीनंतर घणसोली, कळवा, डोंबिवलीकडे स्थिरावलेली माणसे जे सांगतील ते टिपून घेतलेच पाहिजे. रांगेवर काय होई, कोणता भाग कधी बदलला, तुटवडा पडला की कोणता पर्याय बसे, हे त्यांच्यावाचून कुणी सांगणार नाही. पण महिन्याला किती निघाल्या हे त्यांस विचारून त्यावर शिक्का मारणे म्हणजे बखरीवरून लढाईतील घोडेस्वार मोजणे. ज्या महाराष्ट्रात राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढून बखरीपुढे अस्सल पत्र ठेवण्याची शिस्त घातली, आणि सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड अवघ्या काही वर्षांत सिद्ध केले, तेथील सुशिक्षित वाचक शिवकालीन आकडा ऐकताच ‘आधार काय?’ म्हणून विचारतो. आणि तोच वाचक एका काचेवर चिकटविलेला मोटारीचा आकडा मुकाट्याने वाचून पुढे जातो. मोडीतील रुमाल सोडविणारी माणसे या भूमीत निपजली, तर टंकलिखित इंग्रजी अहवाल सोडविणारी निपजणे अशक्य आहे काय?

‘पण यात कुणाचे बिघडते?’ हा अखेरचा प्रश्न. बिघडते ते असे. २०२१ च्या जुलैपासून केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊ केली आहे. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, नूतनीकरणास ५,०००, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चेसीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. मूळ स्वरूप कोणते हे ठरवणार कशावरून? कारखान्याने त्या वर्षी काय बसविले याच्या कागदावरून, की ज्यास गाडी विकावयाची आहे त्याच्या सांगण्यावरून? आज चुकीचा आकडा गप्पांत आहे. उद्या तो अर्जास जोडलेल्या प्रतिज्ञालेखात येईल, परवा त्या अर्जाची नक्कल ‘सरकारी कागद’ म्हणून दाखविली जाईल, आणि मग वजाबाकीतून जन्मलेल्या बाकीस राजमुद्रा लाभेल. बनावट सनदा याच मार्गाने अस्सल ठरल्याची उदाहरणे इनामांच्या चौकशीत थोडीथोडकी नव्हती.

तेव्हा स्नेह्यांस आमचे मागणे एवढेच, की डिलाइटच्या काचेवरील तो आकडा त्यांनी खुशाल ठेवावा, परंतु त्याखाली तो कोणत्या वहीतला, कोणत्या वर्षाचा आणि चारांपैकी कोणत्या राशीचा, हे लहान अक्षरांत लिहावे. आणि तसे लिहिता येत नसेल तर टॅरिफ कमिशनचे अहवाल उघडून बसावे. त्या वाचनास आम्ही सोबत येऊ, आणि त्यातून त्यांचाच आकडा खरा निघाला तर हा लेख मागे घेण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही.